गावची वही आणि सरकारची वही

अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला हा मजकूर एकदा कोरला गेला आणि कायमचा झाला. आसपासच्या शेतजमिनींचे तसे नव्हते. वाटण्या होत, वारस लागत, जमिनी विकल्या जात. त्यातला प्रत्येक बदल आधी गावाला कळे, सरकारला मागाहून. त्यामुळे खरी नोंद कुठली, गावातली की वरची, हा प्रश्न महसूल खात्याइतकाच जुना आहे.

पेशवाईने त्यावर काढलेला तोडगा अजूनही थक्क करतो. इनामाची सनद निघाली की मामलेदार, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी यांना वेगवेगळी पत्रे जात. पत्राच्या शेवटी ठरलेली सूचना असे: नक्कल उतरवून घ्यावी, अस्सल पत्र भोगवट्यासाठी धन्याला परत द्यावे, दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये. पुण्याच्या दफ्तरात नोंद, परगण्यात नक्कल, घरात अस्सल. एक प्रत जळाली तरी हक्क शाबूत राही.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आणला. पुढे गाव नमुने रुळले: सात हा हक्कांचा, बारा हा पिकांचा, सहा हा फेरफारांचा. यातला सहा नंबर मला सर्वांत मोलाचा वाटतो. गावातल्या प्रत्येक बदलाला त्यात ओळीने क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक सातबारावर चढतो. जुन्या मालकाचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. उताऱ्यावरच्या क्रमांकांचा माग काढत मागे गेले की जमिनीचा सगळा प्रवास वाचता येतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचे वाटेल. सॉफ्टवेअरमधले बदल नोंदवणाऱ्या सबव्हर्जन (एसव्हीएन) या प्रणालीत मूळ भांडार एका सर्व्हरवर असते आणि प्रत्येक बदलाला चढता क्रमांक मिळतो. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट आणले, तेव्हा पूर्ण इतिहास ज्याच्या त्याच्या संगणकावर आला. ज्या कचेऱ्यांत दोन्ही नांदत होती तिथे गिट-एसव्हीएन नावाचा दुवा वापरला गेला: आधी वरचे बदल खाली ओढायचे, आपले काम त्यांच्यावर रचायचे, मगच वर पाठवायचे. क्रम चुकला की गुंता.

महसुलात हा गुंता शाईने होई. सातबाराची वही दर दहा वर्षांनी नव्याने लिहिली जाई आणि उतरवताना एखादे नाव सुटे, एखादे क्षेत्र बदले. अशी लेखनप्रमादाची चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ होते, पण चूक नजरेस येईपर्यंत एखादी पिढी निघून जाई. खरेदीखताची वाटही लांब. दुय्यम निबंधकाकडून कागद तहसीलला, तिथून तलाठ्याकडे, मग नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही.

संगणक आल्यावर काही काळ त्रास वाढलाच. हस्तलिखित सातबारा एक सांगे, संगणकातला दुसरे. म्हणून ‘एडिट मोड्यूल’ आले आणि दोन्ही उतारे ओळीओळीने ताडून पाहण्याचे किचकट काम तलाठ्यांनी केले. त्याशिवाय पुढचे काहीही उभे राहिले नसते, हे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे. ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीने मग मधले टप्पे गाळले. दस्त नोंदला की माहिती थेट तहसीलच्या प्रणालीत येते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबारा आपोआप बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला.

हे सोपे झाले ते नुसत्या वेगामुळे नव्हे. तलाठ्याची वही वेगळी प्रत म्हणून उरली नाही आणि बदलाला फेरफार हा एकच दरवाजा राहिला, म्हणून झाले. हरकतीची मुदत मात्र राखली, हे फार बरे केले. अंबरनाथच्या कानसई-वडवलीसारख्या भागांत शेते जाऊन इमारती आल्या. अशा ठिकाणी एका वारसाचे नाव सुटले तर पुढे कितीतरी घरांची कागदपत्रे अडकतात.

बारा नंबर तर आता शेतकऱ्याच्या हातात गेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच थांबते आणि रेंज मिळाल्यावर वर जाते. चुकले तर ४८ तासांत त्यालाच दुरुस्त करता येते, आणि काही नोंदी तलाठी शिवारात जाऊन पडताळतो.