अमानत आणि लिलाव : जुन्या हस्तलिखितांची कहाणी

जुना ग्रंथ विकला जातो तेव्हा नेमके काय विकले जाते? कागद, शाई आणि चामड्याची बांधणी यांची किंमत कोणीही करू शकेल. पण तो ग्रंथ कोणी लिहविला, कोणत्या कातिबाने किती वर्षे डोळे शिणवून तो उतरविला, समासात कोणी टिपा लिहिल्या, पहिल्या पानावर कोणाकोणाच्या मोहोरा उमटल्या, हे सारे त्या ग्रंथाचे चरित्र असते. ग्रंथ एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा हे चरित्र त्याच्याबरोबर जाते किंवा वाटेतच गळून पडते. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आजही जुन्या किताबांची व कागदांची बोचकी आहेत. म्हणून हा विषय केवळ विलायतेतील धनिकांचा नाही, तो आपलाही आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. लिलावाने विक्री करणे मुळात गैर नाही. एका गरजू अन्सारी गृहस्थाच्या घरातील अंथरुणाचे कापड व पाण्याचा प्याला हजरत पैगंबर साहेबांनी (स. अ.) स्वतः पुकारा करून विकून दिल्याची हदीस प्रसिद्ध आहे. एकाने एक दिरहम देऊ केला; अधिक कोण देतो असे विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले, आणि त्या पैशातून त्या गृहस्थाच्या घरी अन्न व लाकूड तोडण्यासाठी कुऱ्हाड आली. मात्र घेण्याचा इरादा नसताना किंमत चढविण्यासाठी खोटी बोली बोलणे यास इस्लामने मनाई केली आहे. ‘लिलाव’ हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला. हैदराबादेकडच्या दक्खनी उर्दूत त्यालाच ‘हर्राज’ म्हणतात.

ग्रंथांच्या लिलावाचा मोठा व्यापार लंडन शहरात वाढला. सदबीज ही पेढी १७४४ साली सुरू झाली ती ग्रंथांच्याच लिलावाने. क्रिस्टीज ही दुसरी पेढी १७६६ सालची. लिलावापूर्वी छापील सूची निघते. तीत प्रत्येक वस्तूचे वर्णन, तिच्या पूर्वीच्या मालकांची नावे आणि अंदाजी किंमत असते. विकणाऱ्याने आतून एक राखीव किंमत ठरविलेली असते व बोली तिच्याखाली राहिल्यास वस्तू विकली जात नाही. हातोडा पडला की सौदा पक्का, आणि घेणाऱ्याला बोलीच्या रकमेवर पेढीचे कमिशन वेगळे द्यावे लागते. या पद्धतीत लपवाछपवी थोडी आणि भाव उघड, हा तिचा गुण. पण तिला फक्त सर्वांत मोठी बोली समजते, ग्रंथाचे हित समजत नाही. हे कसे, ते पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

दिल्लीचा कुतुबखाना

मोगल बादशहांना ग्रंथांचा मोठा शौक होता. हुमायून बादशहाचा मृत्यूच मुळी १५५६ साली त्याच्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून झाला. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेला हा संग्रह नादिरशहाच्या १७३९ च्या स्वारीनंतर विसकटत गेला. १८५७ च्या उठावात इंग्रज फौजेने दिल्ली जिंकली तेव्हा लाल किल्ल्यात जे उरले होते ते लुटीच्या मालात जमा झाले. लुटीच्या मालाची विक्री करण्यासाठी ‘प्राइझ एजंट’ नावाचे अधिकारी नेमलेले असत. त्यांच्याकडून १८५९ साली सरकारने साडेचार हजारांहून अधिक ग्रंथ सुमारे पंधरा हजार रुपयांना घेतले. म्हणजे एका ग्रंथामागे तीन-साडेतीन रुपये! त्यांतील काही निरुपयोगी ठरवून विकून टाकण्यात आले व बाकीचे १८७६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात गेले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत ‘दिल्ली संग्रह’ या नावाने आहेत.

येथे लिलावाच्या मागे तलवार होती. पण तलवार नसतानाही, नुसत्या मालकाच्या मर्जीने, ग्रंथाची काय दशा होऊ शकते हे इराणच्या एका शाहनाम्याच्या कहाणीवरून दिसते.

शाहतहमास्पचा शाहनामा

फिर्दौसीने आपले शाहनामा हे महाकाव्य इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले. त्याच्या असंख्य नकला झाल्या. त्यांतील सर्वांत वैभवशाली प्रत सोळाव्या शतकात तब्रीझ येथे, सफवी बादशहा शाहतहमास्प याच्या कारखान्यात तयार झाली. तिची पाने ७५९ व चित्रे २५८. सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर असे नामांकित चित्रकार त्या कामावर होते. या मीर मुसव्विरचे चिरंजीव मीर सय्यद अली यांचा आपल्या देशाशी संबंध आहे. हुमायून १५४४ साली इराणात आश्रयास गेला असता त्याची या कलावंतांशी गाठ पडली. पुढे मीर सय्यद अली व अब्दुस्समद हे दोघे त्याच्या पदरी आले आणि हिंदुस्थानातील मोगल चित्रकलेचा पाया त्यांनी घातला.

१५६८ साली शाहतहमास्पने हा ग्रंथ तुर्कस्तानचा सुलतान दुसरा सलीम यास नजर केला. इस्तंबूलच्या राजवाड्यात तो शतकानुशतके सुरक्षित राहिला. १८०० च्या सुमारास राजवाड्यातील मेहमेद आरिफ नावाच्या गृहस्थाने प्रत्येक चित्रासमोर एक संरक्षक कागद घालून त्यावर त्या प्रसंगाचा सारांश तुर्की भाषेत लिहिला. ग्रंथ दुसऱ्याचा, भाषा दुसऱ्याची, तरीही पुढच्या वाचकाला सोपे जावे म्हणून घेतलेले हे कष्ट! ग्रंथाचा राखणदार कसा असावा याचा हा नमुना म्हणावा लागेल.

१९०३ साली हा ग्रंथ पॅरिसमध्ये बॅरन एदमोंद द रॉथशिल्ड यांच्याकडे होता. १९५९ साली आर्थर हॉटन नावाच्या अमेरिकन धनिकाने तो विकत घेतला. हॉटन स्वतः ग्रंथांचे मोठे संग्राहक होते. परंतु त्यांच्याच हातून या ग्रंथाची शिवण सुटली. १९७० साली त्यांतील ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिली गेली. १७ नोव्हेंबर १९७६ रोजी लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सात पाने विकली गेली. १९८८ साली आणखी चौदा पाने हातोड्याखाली गेली. काही पाने खासगी रीतीने विकली गेली. चारशे वर्षे ज्याला कोणी हात लावला नव्हता तो ग्रंथ असा चित्राचित्राने जगभर पांगला.

असे का झाले, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. साडेसातशे पानांचा अखंड ग्रंथ घेणारे गिऱ्हाईक जगात चार-दोनच असतात. पण एक चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावता येते, त्यामुळे त्याला गिऱ्हाइके शेकडो. तुकड्यांची बेरीज अखंड ग्रंथापेक्षा जास्त भरते. बाजाराच्या दृष्टीने यात काही चुकले नाही. पण चौकटीत बसलेल्या पानाची मागची बाजू, जेथे काव्याचा मजकूर आहे, ती भिंतीकडे तोंड करून राहते. कोणत्या प्रसंगानंतर कोणते चित्र येते हा क्रम तुटतो. ग्रंथाचे चित्र होते आणि वाचकाचा प्रेक्षक होतो.

हॉटन यांच्या निधनानंतर, १९९४ साली, उरलेला ग्रंथ म्हणजे मजकुराची पाने, बांधणी व ११८ चित्रे इराणला परत मिळाली. पैसे देऊन नव्हे, तर अदलाबदलीने. तेहरानच्या संग्रहालयात विलेम डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराचे एका स्त्रीचे चित्र होते, ते इराणने दिले आणि आपला ग्रंथ घेतला. हा व्यवहार व्हिएन्ना येथे झाला. जी पाने आधीच विकली गेली होती ती मात्र परत आली नाहीत. त्यांचे भाव आज कोठे पोहोचले आहेत पाहा. २०११ साली सदबीजच्या लिलावात यातील एक पान सुमारे ७४ लाख पौंडांना गेले आणि २०२२ साली दुसरे एक पान ८० लाख पौंडांच्या वर. आज सर्व २५८ चित्रे एकत्र पाहायची असतील तर ती छापील पुस्तकांतच पाहावी लागतात. मूळ ग्रंथ पुन्हा एक होण्याची आशा फार थोडी आहे.

पाटण्याचा वकील

आता याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातील. बिहारमधील मुहम्मद बख्श नावाच्या वकिलांनी आयुष्यभर हस्तलिखिते जमविली. १८७६ साली ते वारले तेव्हा त्यांच्याकडे १४०० हस्तलिखिते होती. हा संग्रह वाढवून लोकांसाठी खुला करावा, अशी मुलाला त्यांची वसियत होती. मुलगा खुदाबख्श हाही वकील. मिळकतीतला मोठा भाग त्याने किताबांवर घातला. मुहम्मद मक्की नावाच्या एका अरब गृहस्थास दरमहा पन्नास रुपये पगारावर नेमून इराण-अरबस्तानापासून कैरोपर्यंत ग्रंथांचा शोध चालविला. अठरा वर्षे हे काम चालले.

या ग्रंथालयाविषयी इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी नोंदविलेली एक हकीगत आपल्या विषयाशी जुळते. कमालुद्दीन इस्माईल इस्फहानी या कवीच्या काव्याची एक दुर्मीळ प्रत मुहम्मद बख्श यांच्याकडे होती. पाटण्याचे न्यायाधीश इलियट यांनी ती वाचावयास म्हणून नेली आणि परत देण्याऐवजी वाटेल ती किंमत देऊ केली. मुहम्मद बख्श पैसे घेईनात आणि साहेब ग्रंथ देईना. पुढे इलियट विलायतेस निघाले. निवडक ग्रंथ पेट्यांत भरून ते पाठविले आणि टाकाऊ म्हणून राहिलेल्या पेट्या पाटण्यातच लिलावात काढल्या. भरताना गफलत झाली आणि तो ग्रंथ टाकाऊ पेटीत गेला. लिलावात ती पेटी घेतली कोणी? मुहम्मद बख्श यांनीच! तेव्हा लिलाव नेहमी ग्रंथाचा वैरीच असतो असेही नाही. घेणारा कोण, यावर सारे अवलंबून असते.

१८९१ साली खुदाबख्श यांनी सुमारे चार हजार हस्तलिखिते इमारतीसह लोकांसाठी अर्पण केली आणि ती पाटण्याबाहेर नेऊ नयेत अशी अट घातली. ब्रिटिश म्युझियमने मोठी रक्कम देऊ केली होती, पण आपल्या व वडिलांच्या आयुष्याची कमाई पैशासाठी देणार नाही असे त्यांनी कळविले, असे सांगतात. १९०८ साली ते वारले आणि ग्रंथालयाच्या आवारातच त्यांची कबर आहे. १९६९ साली संसदेने कायदा करून या ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. तेथील ‘तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया’ या सचित्र ग्रंथाची नोंद २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत झाली. हाच ग्रंथ हॉटन यांच्यासारख्या मालकाच्या हाती पडला असता, तर त्याचीही पाने आज भिंतीवर दिसली असती.

आपल्या घरातील बोचकी

महाराष्ट्राचेही उदाहरण आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातील सचित्र फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चांदबिबीची आई खुंजा हुमायून हिची मूळ चित्रे तीत होती, पुढे कोणीतरी ती खोडून टाकली. प्रत जागेवर राहिली म्हणूनच हे खोडणेही अभ्यासकांना दिसले. १९८७ साली डॉ. ग. त्र्यं. कुलकर्णी व डॉ. म. श्री. माटे यांनी हे काव्य संपादून प्रसिद्ध केले. मुंबईतही असफ फैजी यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठास दिला आणि त्याची सूची १९६५ साली छापली गेली. फारसी साधने मराठीत आणण्यासाठी सेतुमाधवराव पगडी यांनी किती परिश्रम केले हे सर्वज्ञात आहे. इल्मच्या रक्षणात धर्माची भिंत आड येत नाही, हेच यावरून दिसते.

आपल्या घरांत शाहनामे नसतील. पण काझी, खतीब, देशमुख, इनामदार, हकीम अशा घराण्यांत सनदा, महजर, शजरे, नुस्ख्यांच्या वह्या, मौलूदच्या पोथ्या, मोडीतील कौलनामे आजही सापडतात. घर पाडताना किंवा वाटणी होताना हे सारे एका दिवसात नाहीसे होते. काही रद्दीत जाते, काही वाळवी खाते. भाऊभाऊ एकाच किताबाची पाने वाटून घेतात. जीर्ण मुसहफ दफन करण्याची किंवा पाण्यात सोडण्याची आपली रीत आदरापोटी आहे, पण त्या गाठोड्यात दुसरे ऐतिहासिक कागदही असतात आणि न पाहताच ते जातात. म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

बोचके उघडून जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि काय आहे त्याची यादी करावी. पानांचे फोटो काढून ठेवावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावे. सांभाळणे शक्य नसेल तर नोंद करून एखाद्या ग्रंथालयास किंवा संशोधन संस्थेस द्यावे आणि पावती घ्यावी. पैशाची गरज असेल तर विकण्यात कमीपणा नाही. पण विकायचेच तर अखंड विकावे, सुटी पाने करून नव्हे, आणि शक्यतो संस्थेलाच विकावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. दारी येऊन घाईने सौदा करणाऱ्या माणसाला हा परवाना प्रथम विचारावा.

विद्यार्थी मित्रांना एकच विनंती. आपल्या वाडवडिलांचे कागद ज्या फारसीत व मोडीत आहेत, त्या वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी जरी या लिपी शिकून घेतल्या, तरी पुष्कळ घरांतील बोचकी बोलू लागतील. जो कागद वाचता येतो तो सहसा कोणी रद्दीत घालत नाही. आपल्याला तो वडिलांकडून मिळाला आहे आणि मुलांच्या हाती द्यायचा आहे. मधल्या काळात तो आपल्याकडे अमानत आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.