ग्वाल्हेरचे एकोणीस दिवस आणि ‘जर-तर’चा प्रश्न

इतिहासाच्या तासाला विद्यार्थी ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न हमखास विचारतात आणि इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे सांगून आपण अध्यापक तो टाळतो. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे वेगळे आहे. ‘तर’च्या पुढचे काही सांगता येत नाही हे खरे, परंतु ‘जर’ किती शक्य होते, हे पुराव्याने तपासता येते. त्यासाठी ग्वाल्हेरचे १८५८चे उदाहरण घेऊ.

१ जून १८५८ रोजी मोरारजवळ जयाजीराव शिंदे तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या राणींच्या फौजेला अडवण्यास उभे राहिले. लढाई झालीच नाही म्हटले तरी चालेल. शिंद्यांचे बहुतेक सैन्य पलीकडे मिळाले, महाराजांनी आग्रा गाठले. ३ जूनला फूलबागेत दरबार भरला. नानासाहेब गैरहजर असतानाच पेशवे म्हणून जाहीर झाले आणि त्यांच्या नावाने रावसाहेब कारभार पाहू लागले. खजिना उघडला गेला, सैन्याला पगार व बक्षिसी मिळाली, ब्राह्मणभोजने झाली. १६ जूनला सर ह्यू रोझ मोरारला पोहोचला. पुढील दोन दिवसांत राणी लक्ष्मीबाई पडल्या आणि २० जूनला किल्लाही गेला.

नेहमीचा जर-तर असा : ही फौज लगेच दक्षिणेत उतरली असती, तर पेशव्यांच्या नावावर सारा महाराष्ट्र उठला असता. इंग्रजांनाही ही भीती होती. पण तारखा पाहाव्यात. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी २९ मे रोजी मॅन्सनला ठार केले. ग्वाल्हेर हाती आले त्याच सुमारास नरगुंद पडले आणि १२ जूनला बेळगावला बाबासाहेबांना फाशी झाली. कोल्हापूरचे बंड तर १८५७मध्येच मोडले होते. शिवाय या ‘जर’ची परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. ऑक्टोबर १८५८च्या अखेरीस तात्या आणि रावसाहेब खरोखरच नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरले. दख्खन उठले नाही. तेव्हा त्यांच्याजवळ ना खजिना होता ना तोफा, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्तही आहे; तरीही पेशव्यांच्या नावाने आपोआप उठाव होईल ही कल्पना तेथे टिकत नाही.

मला अधिक वजनदार वाटतो तो पावसाचा जर-तर. रोझ आजारी होता, रजेवर निघण्याच्या बेतात होता. ग्वाल्हेरची बातमी येताच तो थांबला आणि ६ जूनला काल्पीहून निघाला. पावसाळा तोंडावर होता. नद्या भरल्या असत्या तर जड तोफा महिनोन्‌महिने अडकल्या असत्या. म्हणजे प्रश्न दोन-तीन आठवड्यांचा होता आणि नव्या सरकारचे हाती असलेले पहिले दोन आठवडे दरबारात व जेवणावळीत गेले.

बरोबर शंभर वर्षांनी, १ फेब्रुवारी १९५८ रोजी, इजिप्त आणि सीरिया यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक जाहीर झाले. विलीनीकरणाचा आग्रह सीरियाच्या लष्करी अधिकाऱ्यांचा होता. नासिर यांनी पक्ष विसर्जित करण्याची अट घातली, पुढे गुप्त पोलिसांच्या बळावर कारभार चालला आणि २८ सप्टेंबर १९६१ला दमास्कसच्याच लष्कराने हे राज्य मोडले. त्याही बाबतीत ‘जुलै १९५८च्या क्रांतीनंतर इराक सामील झाला असता तर?’ असे विचारले जाते. परंतु कासिम यांनी विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्या आरिफ यांना त्याच वर्षी दूर केले होते. तो ‘जर’ही वाटतो तितका जवळ नव्हता. दोन प्रसंगांत काळाचे व जगाचे अंतर मोठे आहे. साम्य एवढेच की, दोन्हीकडे सैन्य आले म्हणून राज्य झाले. ते टिकवणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. या मोहिमेत बांद्याचे नवाब अली बहादूर सोबत होते. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेर बहादूर यांचे ते वंशज. नानासाहेब दत्तक, रावसाहेब त्यांचे पुतणे. पहिल्या बाजीरावाचे रक्त या छावणीत असलेच तर ते या मुसलमान नवाबांच्या अंगात. पेशवाईच्या पुनःस्थापनेत त्यांचे स्थान काय ठरले असते, हा ‘जर’ मात्र कोणी विचारत नाही. नर्मदेपलीकडची मोहीम फसल्यावर, राणीच्या जाहीरनाम्यातील माफीचा आधार घेऊन, नोव्हेंबर १८५८मध्ये ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले. इंग्रजांनी त्यांना पेन्शन देऊन इंदूरला ठेवले.