हवाई बंदूक, स्प्रिंगची

स्प्रिंगच्या जोराने सरकणाऱ्या दट्ट्याने हवा दाबून तिच्या रेट्याने शिशाची लहान गोळी फेकणारी बंदूक. तीत बंदुकीची दारू, काडतूस किंवा हवेची साठवण-टाकी यांपैकी काहीही नसते. नेमबाज दर वेळी आपल्या हाताच्या बळाने स्प्रिंग दाबतो आणि तीतील ऊर्जा एका बारासाठी वापरली जाते. या प्रकारातील सर्वाधिक प्रसार पावलेली रचना म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून भरावयाची बंदूक होय. प्रस्तुत नोंदीत तिचा उल्लेख ‘बिजागरी बंदूक’ असा केला आहे. जत्रांतून फुगे फोडण्यासाठी मांडलेल्या बंदुका बहुधा याच जातीच्या असतात.

बाह्यतः अत्यंत साध्या असलेल्या या साधनाची निवड मात्र साधी नाही. जोर आणि नेमकेपणा हे दोन गुण तीत परस्परांना छेद देतात. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या तिच्या इतिहासात कारागीर, ग्राहक व कायदा या तिघांनीही या दोन गुणांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. क्रीडेसाठी उत्तम बंदूक कोणती, या प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात सापडते.

पूर्वेतिहास : हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका सोळाव्या शतकापासून ज्ञात आहेत. स्टॉकहोम येथील राजशस्त्रागार संग्रहालयात सु. १५८० मधील भात्याची हवाई बंदूक आहे. भात्याच्या बंदुकीत स्प्रिंगेने चामडी भाता एकदम मिटवून वाऱ्याचा झोत निर्माण करीत. अठराव्या शतकात साठविलेल्या हवेच्या बंदुका प्रगत झाल्या. बार्थोलोमेउस जिरांडोनी याने तयार केलेली बहुबारी हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० मध्ये स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी असे व ती भरण्यासाठी हातपंपाने शेकडो वेळा हवा मारावी लागे. अमेरिकेच्या पश्चिम भागाचे समन्वेषण करणाऱ्या मेरिवेदर लूइस व विल्यम क्लार्क यांच्या तुकडीनेही (१८०४–०६) एक हवाई रायफल बरोबर नेली होती. या बंदुका प्रभावी असल्या, तरी महाग व नाजूक होत्या. सामान्य माणसाच्या हाती हवाई बंदूक आली ती स्प्रिंगमुळेच.

बिजागरी बंदुकीचा उदय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत करमणुकीसाठी चालविलेल्या नेमबाजीच्या दालनांना स्वस्त, कमी आवाजाच्या व धूर न होणाऱ्या बंदुकांची गरज भासू लागली. न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील हॅव्हिलंड व गन आणि हर्किमर येथील हेन्री क्वाकेनबुश यांनी १८७० च्या दशकात स्प्रिंग-दट्ट्याच्या बंदुका बाजारात आणल्या. नळीचाच तरफेसारखा उपयोग करून स्प्रिंग दाबण्याची कल्पना याच काळात रूढ झाली. यूरोपात तिच्या आधारे ‘जेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदुका मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. जर्मनीत राश्टाट येथे १८९० मध्ये मायर व ग्रामेल्श्पाखर ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘डायाना’ या व्यापारचिन्हाच्या बंदुका जगभर पोहोचल्या. १८९९ मध्ये त्सेला या गावी हेरमान वाइराउख याने आपला कारखाना सुरू केला.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील लिंकन जेफरीझ याला बिजागरीचा सांधाच या रचनेचा दुबळा भाग वाटला. सांधा झिजला की नळी दर वेळी किंचित वेगळ्या ठिकाणी बसते व नेम ढळतो, हा त्याचा मुद्दा होता. त्याने १९०४ मध्ये स्थिर नळीच्या बंदुकीचे एकस्व मिळविले. तीत स्प्रिंग दाबण्यासाठी नळीखाली स्वतंत्र तरफ असून गोळी फिरत्या तोटीतून आत जाई. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) या कंपनीने ही बंदूक तयार केली. इंग्लंडमधील मद्यगृहांत भरणाऱ्या घंटा-लक्ष्याच्या सामन्यांत अशा बंदुका लोकप्रिय ठरल्या. या सामन्यांत पोलादी पत्र्यातील सु. ९.५ मिमी. व्यासाच्या छिद्रातून गोळी गेली, तरच मागची घंटा वाजे.

जेफरीझच्या आक्षेपात तथ्य असूनही बिजागरी बंदूक मागे पडली नाही. तीत गोळी बोटाने थेट नळीच्या आट्यांत बसविता येते. तोटीच्या रचनेत मात्र गोळीला तोटीतून नळीपर्यंत उडी घ्यावी लागते, तीत तिचा आकार बिघडण्याचा संभव असतो व थोडी हवाही वाया जाते. शिवाय वेगळी तरफ नसल्याने बिजागरी बंदूक हलकी व स्वस्त होते. बीएसए कंपनीनेही पुढे ‘मीटिअर’ (१९५९) यासारख्या बिजागरी बंदुका काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील शस्त्रनिर्मितीवर निर्बंध आल्याने तेथील अनेक कारखान्यांनी पुनरारंभ हवाई बंदुकांपासून केला. वाइराउखचा कारखाना बव्हेरियातील मेल्रिखश्टाट येथे पुन्हा उभा राहिला व १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याची ‘एचडब्ल्यू ३५’ ही बिजागरी बंदूक बाहेर पडली. भक्कम सांधा व ‘रेकॉर्ड’ या नावाचा, पाहिजे तसा हलका-जड करता येणारा चाप यांमुळे ती कित्येक दशके या प्रकाराचा मानदंड मानली गेली.

रचना व कार्य : नळी खाली वाकविली की तिला जोडलेला दांडा सिलिंडरमधील दट्ट्यास मागे ढकलतो. त्यामुळे स्प्रिंग दाबली जाते व दट्ट्या चापाच्या अटकेत अडकतो. गोळी बसवून नळी सरळ केल्यावर बंदूक बारासाठी सज्ज होते. चाप ओढताच दट्ट्या वेगाने पुढे जातो. पुढील हवा अनेक पटींनी दाबली जाऊन अतिशय तापते व गोळी सुटते. दट्ट्याच्या तोंडाशी पूर्वी चामड्याची वाटी असे व तिला वेळोवेळी तेल द्यावे लागे. तिची जागा पुढे कृत्रिम पदार्थांच्या वाटीने घेतली.

इंग्लंडमधील कार्ड्यू पितापुत्रांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हीच बंदूक नायट्रोजनच्या वातावरणात उडविली असता गोळीचा वेग बराच घटल्याचे आढळले. यावरून तप्त हवेत वंगणाचा अल्प अंश जळतो व गोळीला मिळणाऱ्या ऊर्जेत त्याचाही वाटा असतो, हे स्पष्ट झाले. मात्र तेल जास्त झाल्यास स्फोटासारखे ज्वलन होऊन स्प्रिंग व वाटी यांना इजा पोहोचते. गोळी न घालता बार काढणेही हानिकारक असते, कारण दट्ट्याला थोपविणारी हवेची गादीच त्या वेळी निर्माण होत नाही.

या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो. दट्ट्या पुढे निघताना बंदूक मागे सरते आणि तो सिलिंडरच्या टोकाशी थांबताना ती पुढे झेपावते. या हालचाली होत असताना गोळी अद्याप नळीतच असते. दारूच्या बंदुकीत गोळी फार लवकर बाहेर पडते. येथे मात्र चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास काळ जातो व तेवढ्या वेळातील हाताचा प्रत्येक दाब नेमावर उमटतो. स्प्रिंग अधिक ताकदीची व दट्ट्या अधिक जड केल्यास गोळीचा वेग वाढतो, परंतु त्याबरोबर बंदुकीची हालचालही वाढते. जोर व नेमकेपणा यांतील विरोधाचे मूळ कारण हेच होय.

स्पर्धा व वेगाची चढाओढ : लक्ष्यवेधाच्या स्पर्धांनी या विरोधावर एक मार्ग काढला. १९६० च्या दशकात डायाना बंदुकांत परस्परविरुद्ध दिशांना सरकणारे दोन दट्टे बसवून धक्का नाहीसा करण्यात आला. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने बंदुकीचा वरचा भागच दस्त्यावर सरकू दिला. १० मी. हवाई रायफल हा प्रकार १९६६ च्या व्हीस्बाडेन येथील जागतिक स्पर्धेत व १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. त्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या ०.५ मिमी. व्यासाचा असतो. एवढ्या सूक्ष्मतेसाठी पुढे स्प्रिंग सोडून देण्यात आली व अगोदर भरलेल्या हवेच्या बंदुका आल्या. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) अंतिम फेरी गाठणाऱ्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत व बीजिंग येथे (२००८) सुवर्णपदक मिळविणारे अभिनव बिंद्रा यांचा क्रीडाप्रकार हाच. पण त्या स्तरावर बिजागरी बंदूक तेव्हा राहिली नव्हती.

क्रीडा व हौशी नेमबाजीच्या बाजारात मात्र उलटा प्रवाह सुरू झाला. १९८० च्या दशकात सेकंदाला १,००० फूट (सु. ३०५ मी.) हा वेग जाहिरातींचा विषय बनला. पुढे हलक्या मिश्रधातूंच्या गोळ्या वापरून त्याहूनही मोठे आकडे छापले जाऊ लागले. हे आकडे ग्राहकाची दिशाभूल करणारे ठरतात. हवाई बंदुकीची गोळी डमरूसारखी, मध्ये बारीक असते. तिचे डोके जड व मागचा घेर पोकळ असल्याने ती हवेत स्थिर राहते. ध्वनीच्या वेगाच्या (सु. ३४३ मी./से.) जवळ पोहोचताच हे स्थैर्य बिघडते आणि नेम फाकतो. हलकी गोळी हवेत आपला वेगही लवकर गमावते.

इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास ‘फील्ड टार्गेट’ हा खेळ सुरू झाला. त्यात प्राण्यांच्या आकाराचे पत्र्याचे पुतळे निरनिराळ्या अंतरांवर ठेवतात. पुतळ्यातील छिद्रामागील चकतीला गोळी लागली, तरच तो आडवा होतो. शिकारीतील अंतराचा अंदाज, वाऱ्याची जाण व संयम हे सारे येथे कसास लागते; जीव मात्र जात नाही. या खेळात स्प्रिंगच्या बंदुकांसाठी स्वतंत्र गट ठेवण्यात येतो.

कायदा : ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी हवाई रायफलीसाठी १२ फूट-पौंड (सु. १६.३ जूल) ही मर्यादा घातली व तिच्यापुढील बंदूक विशेष धोकादायक ठरविली. जर्मनीत परवान्याविना वापरासाठी ७.५ जूल ही मर्यादा आहे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी. पर्यंतच्या व्यासाच्या व २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. ०.५३ ग्रॅ. वजनाची नेहमीची गोळी धरल्यास या तीन मर्यादा अनुक्रमे सेकंदाला सु. २४८, १६८ व २७५ मी. वेगाशी जुळतात. म्हणजेच भारतात परवान्याविना मिळणाऱ्या बंदुकीकडून छापील विक्रमी वेगाची अपेक्षा करणेच व्यर्थ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे (१९७२) वन्य पशुपक्ष्यांची शिकार निषिद्ध असल्याने येथे तिचा क्रीडोपयोग लक्ष्यवेधापुरताच आहे. परवाना नाही म्हणून पाखरे टिपण्याची मुभा आहे, हा समज चुकीचा होय.

निवड : वरील विवेचनावरून निवडीचे निकष ठरविता येतात. पहिला निकष सांध्याचा. नळी बंद केल्यावर ती आडव्या दिशेने हलता कामा नये व दर वेळी तितक्याच घट्टपणे बसली पाहिजे. दुसरा चापाचा. तो कोणत्या क्षणी सुटणार, याचा अंदाज बोटाला यावा. तिसरा निकष बळाचा. नवशिक्याला न थकता पन्नास वेळा भरता येईल अशीच बंदूक घ्यावी, कारण दमलेल्या हाताने नेम साधत नाही. तीन ते साडेतीन किग्रॅ. वजनाची, मध्यम जोराची बंदूक बहुतेकांना मानवते. ४.५ मिमी. व्यासाची गोळी सपाट मार्गाने जाते व लक्ष्यवेधास सोयीची ठरते. ५.५ मिमी. ची गोळी जड असून तिचा मार्ग अधिक वाकतो आणि भारतात तिच्या बंदुकीस परवाना आवश्यक आहे. दुर्बीण लावावयाची असल्यास ती दुहेरी धक्का सोसणारी असावी, कारण साधी दुर्बीण त्या धक्क्याने निकामी होते. १९८० च्या दशकापासून काही बंदुकांत पोलादी स्प्रिंगेऐवजी दाबलेल्या वायूची नळी बसवितात. ती दीर्घकाळ दाबून ठेवल्यास शिणत नाही. पण बिघडल्यास घरी दुरुस्त करता येत नाही.

प्रत्येक नळीला विशिष्ट गोळी मानवते. यास्तव दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांनी १० मी. वर प्रत्येकी पाच बार काढून ज्यांची छिद्रे सर्वांत जवळ पडतील, त्या गोळ्या कायम कराव्यात. बंदूक आवळून धरू नये. पुढचा हात तोलबिंदूखाली उघडा ठेवून तिला दर वेळी सारखेच मागे-पुढे सरकू द्यावे. भरताना नळी एका हाताने धरून ठेवणे आवश्यक आहे, कारण चुकून चाप सुटल्यास ती उसळून बोटे चिरडू शकते. लक्ष्यामागे गोळी अडविणारा भक्कम आडोसा असावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा व शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर हात धुवावेत. नेहमीच्या वेगाची गोळीही डोळा कायमचा निकामी करू शकते. म्हणून मुलांच्या हाती ही बंदूक जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय देऊ नये.