निळू फुले : पडद्यावरचा खलनायक, घरचा साधा माणूस

शहादा : सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेल्या पिढीला निळू फुले वेगळे सांगावे लागत नाहीत. पांढरं धोतर, तिरकी टोपी आणि खर्जातला आवाज. ते पडद्यावर आले की आमच्या मागे बसलेल्या आजीबाई शिव्याच घालायच्या. आजच्या पोरांना ते 'बाई, वाड्यावर या' या मोबाईलवरच्या मीममधून माहीत आहेत. पण माणूस त्याहून फार मोठा होता.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म 1930 साली पुण्यात झाला. तरुणपणी त्यांनी पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. राष्ट्र सेवा दलात ते घडले आणि तिथल्या कलापथकातून लोकनाट्यात आले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव गावोगाव पोहोचलं. 1968 साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' मध्ये ते झेले अण्णा झाले, आणि तिथून सिनेमाची वाट सुरू झाली.

'सामना' (1975) हा चित्रपट ऊस पिकवणाऱ्या प्रत्येकानं एकदा पाहावा. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्यात निळूभाऊ साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील आहेत. गाव मुठीत, कारखाना हातात. पण श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या एका प्रश्नानं एवढा ताकदवान माणूस आतून कसा पोखरत जातो, ते निळूभाऊंनी आरडाओरडा न करता दाखवलं.

'सिंहासन' (1979) मध्ये मात्र ते खलनायक नाहीत. दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहे. सत्तेचा खेळ जवळून पाहून शेवटी वेड लागल्यासारखा हसतो. आमच्यासारख्या गावच्या बातमीदाराला ते हसू अजून झोंबतं.

हिंदीत 'कुली' (1983) आणि 'सारांश' (1984) गाजले. रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' केलं. 1991 साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

पडद्यावर गावाला लुटणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात उलटा होता. डॉ. लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते राबले. चळवळीत पूर्ण वेळ झोकून देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी, यासाठी तो निधी होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते होते.

13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या कन्या गार्गी फुले मालिकांमध्ये काम करतात.

आजीबाईंच्या शिव्या ही खरं तर त्यांच्या कामाची पावतीच होती. पुढच्या वेळी ते मीम पुढे पाठवाल, तेव्हा सोबत 'सामना' चं नावही पाठवा. हिंदुराव अजून गावोगाव सापडतात, प्रश्न विचारणारा मास्तर मात्र शोधावा लागतो.