जुन्या गाडीला मोठी चाके : हौसेआधी हिशेब

रेवदंडा : अलिबागहून नागाव, चौल करीत रेवदंड्याकडे येणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून वळणे घेत येतो. सुटीच्या दिवशी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या नव्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतच पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या स्थानिक छोट्या गाड्याही दिसतात. नव्या गाड्यांची रुंद, चकचकीत चाके पाहून आपल्याही गाडीला तशीच 'मॅग व्हील' बसवावीत, अशी हौस अनेकांना होते. त्यात वावगे काही नाही. तथापि, गाडीचा वेग, ब्रेक, स्टिअरिंग आणि आत बसलेल्या कुटुंबाचा भार या साऱ्यांचा मेळ कंपनीने चाकाच्या मापाशी घातलेला असतो. माप बदलायचे, तर तो मेळ पुन्हा घालावा लागतो.

टायरवरील आकडे

जुन्या छोट्या गाड्यांमध्ये सर्रास आढळणारे '१५५/७० आर १३' हे माप उदाहरणादाखल घेऊ. यात १५५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के इतकी टायरच्या कडेची उंची, तर १३ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या चाकाचा एकूण व्यास ५४७ मिलिमीटर भरतो.

रिम एक इंचाने वाढविली, तर टायरची कडा त्या प्रमाणात कमी करून एकूण व्यास जवळपास तेवढाच राखणे, हा मूलभूत नियम आहे. '१६५/६० आर १४' टायरचा व्यास ५५४ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकापेक्षा सुमारे सव्वा टक्का जास्त होतो. मात्र त्याच रिमवर '१७५/६५ आर १४' टायर चढविल्यास व्यास ५८३ मिलिमीटर होऊन फरक साडेसहा टक्क्यांवर जातो. अशा वेळी स्पीडोमीटरचा काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६४ किलोमीटर वेगाने धावत असते. चाक मोठे झाल्याने ब्रेकची पकडही त्या प्रमाणात सौम्य होते आणि चढावर इंजिन लवकर दमते. हा फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

मापापुढे लिहिलेला भारांकही पाहणे आवश्यक असते. ७५ हा भारांक म्हणजे प्रत्येक टायरमागे ३८७ किलो क्षमता. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

न दिसणारी मापे

चार बोल्टची सगळी चाके वरवर सारखीच दिसतात. वस्तुतः बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास काही गाड्यांत १०० मिलिमीटर, तर काहींत ११४.३ मिलिमीटर असतो. यालाच गॅरेजमध्ये 'पीसीडी' म्हणतात. तो तंतोतंत जुळलाच पाहिजे. भोके वाढवून चाक बसविणे धोक्याचे आहे. रिमचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असल्यास योग्य मापाची रिंग घालावी लागते, अन्यथा चाक मध्यावर न बसल्याने वेगात स्टिअरिंग थरथरते.

'ऑफसेट' हे माप चाक किती आत किंवा बाहेर बसणार, ते ठरविते. ऑफसेट ४० वरून २० केला आणि रिम एक इंच रुंद घेतली, तर चाकाची बाहेरील कड सुमारे ३३ मिलिमीटर बाहेर येते. असे चाक मडगार्डला घासते आणि बेअरिंगवरील ताण वाढविते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाडीत रुंद टायरमुळे स्टिअरिंगही जड होते. पंधरा वर्षांच्या गाडीत बॉल जॉइंट, रबरी बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर आधीच झिजलेले असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

किनाऱ्यावरील वेगळी अडचण

रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेले आहे. येथील खारी हवा लोखंडाला गंजविते. अॅल्युमिनियमची रिम आणि लोखंडी हब यांच्या सांध्यात खारा ओलावा साचला, की झीज वाढते आणि कालांतराने चाक हबला इतके घट्ट धरते की पंक्चर झाल्यास ते उतरविणे अवघड होते. म्हणून रिम बसविण्यापूर्वी हब घासून स्वच्छ करावा व सांध्याला ग्रीसचा पातळ हात द्यावा. नटांच्या आट्यांना मात्र ते लावू नये. पुळणीवर गाडी नेल्यास चाके आतूनही गोड्या पाण्याने धुवावीत.

पावसाळ्यातील खड्डे हा दुसरा प्रश्न. टायरची कडा आखूड असली, की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. टायरला कडेने फुगा येतो किंवा रिमला तडा जातो. साधी लोखंडी रिम वाकल्यास अनेकदा सरळ करता येते. तडा गेलेली ओतीव रिम मात्र बदलावीच लागते. कोकणातील रस्त्यांसाठी एक इंचापेक्षा अधिक वाढ म्हणूनच शहाणपणाची ठरत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीच्या पुस्तिकेत किंवा त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत कंपनीने दिलेल्या मापापुरते राहणे, हा त्यामुळे निर्धोक मार्ग ठरतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते. त्या वेळी गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. 'एमएच ०६' क्रमांकाच्या गाड्यांचे कार्यालय पेणला आहे. मडगार्डबाहेर आलेली चाके तेथे अडचणीची ठरू शकतात. विमा कंपनीलाही बदलाची लेखी कल्पना द्यावी. अन्यथा अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उद्भवण्याची शक्यता असते.

बसविल्यानंतर

चाके बसविल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडीत पाच माणसे बसवून टायर कोठे घासतो का, ते पाहावे. अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे. नट नव्या रिमच्या बैठकीला जुळणारेच हवेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत ते पुन्हा आवळावेत. स्टेपनीचा एकूण व्यास चारही चाकांशी जुळतो का, तिला लागणारे नट वेगळे आहेत का, याची खात्री करावी. वेगळे असतील, तर जुने नट पान्यासोबत डिकीत ठेवावेत. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या टायरवरील शेवटचे चार अंकही वाचावेत : '२३१५' म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर कितीही नवा दिसला, तरी तो घेऊ नये.

नव्या चाकांसाठी खर्चाची तरतूद करताना त्यातील पहिला वाटा ब्रेक, बेअरिंग आणि सस्पेन्शनच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. तो खर्च भागल्यावर पैसे उरले नाहीत, तर मूळ मापाचे चार नवे टायरही जुन्या गाडीची चाल आणि ब्रेकची पकड सुधारण्यास पुरेसे असतात.