निवृत्तिधन आणि पत्नीचा वांटा

जुन्नरच्या डोंगरांतील लेणीं पाहावयास जाणारे लोक चैत्य व विहार पाहून परततात. भिंतींवरील लेखांकडे फारसें कोणी वळत नाहीं. त्यांपैकीं एका लेखांत वेळूकाम करणारांच्या व कासारांच्या श्रेणींकडे द्रव्य ठेवून त्याच्या उत्पन्नाची तजवीज केल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदातानें हाच प्रकार अधिक खुलाशानें सांगितला आहे. ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवावयाचे, २००० वर दरमहा शेंकडा एक व १००० वर शेंकडा पाऊण असें व्याज घ्यावयाचें, आणि मुद्दल परत मागावयाचें नाहीं. ही अक्षयनीवि म्हणजे आजच्या पेन्शनीची फार दूरची आजीच म्हटली पाहिजे. भिक्षूंस बायकामुलें नसल्यामुळें तिच्या वांटणीचा तंटा मात्र उद्भवला नाहीं.

गृहस्थाची गोष्ट निराळी. नवराबायको कायद्यानें विभक्त झालीं, तर नवऱ्याच्या निवृत्तीच्या पैशावर बायकोचा हक्क कोणता? आमच्या कित्येक वाचकांना हा प्रश्न परदेशी वाटेल. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत तो तसा वाटूं नये. येथील पुरुषांच्या पिढ्या मुंबईस गिरणींत, गोदींत, डबे पोंचविण्याच्या धंद्यांत राबल्या. बायका मागें राहून भाताचीं खाचरें, गुरें आणि सासूसासरे सांभाळीत राहिल्या. १९५२ च्या कायद्यानें गिरणीकामगाराच्या पगारांतून भविष्यनिर्वाहनिधि कापला जाऊं लागला, तो अर्थात् कामगाराच्या नांवावर. जिनें गांवीं पदर खोंचून काम केलें म्हणून त्याला मुंबईस बिनघोर राहतां आलें, तिचें नांव त्या कागदांत आलेंच तर तें त्याच्या मरणानंतरची वारस म्हणून.

आमच्या शास्त्रकारांस हा विषय सुचलाच नव्हता असें नाहीं. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व गोड बोलणाऱ्या पत्नीस जो टाकील, त्याच्याकडून तिला द्रव्याचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असल्यास अन्नवस्त्र देववावें, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. चार विशेषणांची ही अट जाचक खरीच. इतक्या गुणांच्या बायकोस टाकणारा नवरा कसल्या परीक्षेस उतरावा, हें स्मृतिकार विचारीत नाहींत! तरी हिस्सा निराळा आणि पोटगी निराळी, हा भेद त्यांच्या मनांत स्वच्छ होता. हिस्सा पहिला, पोटगी निरुपायाची. इंग्रजी अमदानींत तिसरा हिस्सा मागें पडला आणि पोटगी तेवढी उरली. काडीमोडीची चाल असलेल्या जातींचे रिवाज आर्थर स्टील यानें १८२७ च्या आपल्या ग्रंथांत टिपले आहेत. पण त्या काळच्या कुणब्यास पेन्शन नव्हती, तेव्हां येथें ते फारसे उपयोगी पडत नाहींत.

सरकारी पेन्शनीभोंवतीं १८७१ च्या कायद्यानें कुंपण घातलें. सावकारानें हुकूमनामा आणला तरी म्हाताऱ्याची पेन्शन जप्त होऊं नये, हा त्याचा हेतु योग्यच होता. १९०८ च्या दिवाणी संहितेंत तोच कायम राहिला. पुढें याच कुंपणाआड बायकोपासूनही लपावयास नवरे निघाले. या शतकांत मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें तो आडोसा काढून घेतला: पत्नी ही सावकार नव्हे, तिच्या पोटगीसाठीं पेन्शनीस हात लावतां येतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

मुंबई इलाख्यांत हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीं मिळाला, सर्व देशास १९५५ सालीं. या दुसऱ्या कायद्याच्या २५ व्या कलमान्वयें न्यायाधीश नवऱ्याचें उत्पन्न व मालमत्ता पाहून एकरकमी किंवा मासिक पोटगी ठरवितो. २७ वें कलम वांटणीचें आहे खरें, पण तें लग्नाच्या वेळीं उभयतांस मिळालेल्या वस्तूंपुरतें. तीस वर्षांच्या संसारांत सांठलेल्या निधीची वांटणी त्यांत कोठेंच नाहीं. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. पोटगी पुनर्विवाहानें रद्द होऊं शकते, परिस्थिति पालटली तर कमी होते. हिस्सा एकदां मिळाला कीं तो आपला. शिवाय घटस्फोटित स्त्री ही नवऱ्यामागें विधवा ठरत नाहीं, त्यामुळें सरकारी नोकराच्या कुटुंबपेन्शनीचें दारही तिला बंद होतें.

सह्याद्रीच्या पलीकडे गोव्यांत १८६७ ची पोर्तुगीज संहिता १९६१ नंतरही राहिली. लग्नापूर्वीं निराळा करार नसेल, तर तेथें पतिपत्नींची मिळकत सामाईक होते आणि घटस्फोटानंतर निम्मी निम्मी होते. पश्चिम जर्मनीनें १९७७ सालीं संसाराच्या काळांत जमलेले पेन्शनीचे हक्क दोघांत समान करण्याची रीत घातली. इंग्लंडांत पेन्शन वांटण्याची सोय २००० च्या अखेरीस झाली. ज्यांच्यापासून आपण पोटगीची कल्पना घेतली, त्यांनींच ती अपुरी ठरविली.

घोडेगांवच्या किंवा जुन्नरच्या कोर्टांत येणाऱ्या बाईची अडचण मात्र याच्याही अलीकडची असे. नवऱ्याचा पगार किती, निधींत शिल्लक किती, हें तिनें सांगावयाचें. आणि तीं कागदपत्रें तर मुंबईच्या कचेरींत. २०२० च्या नोव्हेंबरांत सुप्रीम कोर्टानें पोटगीच्या दाव्यांत उभय पक्षांनीं आपलें उत्पन्न व मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी असें ठरविलें. तेव्हांपासून नवऱ्याला तो आंकडा स्वतःच्या सहीनें लिहून द्यावा लागतो.