मंगल परिणय : मुहूर्त सोडला, आता वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरवा

नागपुरात बौद्ध लग्नाच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापलेले असते आणि खाली वेळ असते, बहुधा सकाळी ११ ची. मुहूर्त नसतो, कारण आपण पंचांग पाहत नाही. तरीही वरात सभागृहाच्या फाटकावर दीड-दोनला पोहोचते आणि तोवर ११ ला आलेली माणसे पंख्याखालची खुर्ची शोधत असतात. पंचांग सोडल्यावर वेळ निवडण्याचे जे स्वातंत्र्य आपल्याला मिळाले, ते आपण डीजेवाल्याच्या हाती देऊन बसलो आहोत.

विधीला मुळात फार वेळ लागत नाही. परिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची पद्धत सांगितली आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेले नवे मातीचे भांडे, त्यात सोडलेला सुती धागा, धाग्याची दोन टोके वधूवरांच्या हाती, पांढरी वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. आज त्रिसरण-पंचशील, वंदना, दोघांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार धरूनही हे सगळे पाऊण तासात नीट होते. लांबते ते आपण मध्ये घुसवलेल्या गोष्टींमुळे. मंचावर बोलावून सत्कार, मग सत्कारमूर्तींचे मार्गदर्शन, मग त्यांना उत्तर. हा दोष कार्यकर्त्यांच्या घरच्या लग्नात जास्त दिसतो, हेही सांगितले पाहिजे. बोलायचेच असेल तर एकाने पाच मिनिटे बोलावे आणि प्रत्येक विधीचा अर्थ सांगावा. आंतरजातीय लग्नात दुसऱ्या बाजूच्या नातेवाइकांना त्याचा खरा उपयोग होतो. वंदनेच्या गाथा अर्थासह एका कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवल्या, तर ते नुसते बघत बसत नाहीत, सोबत म्हणतात.

वेळेचा प्रश्न सगळ्यात आधी कोणाला भोवतो? भन्तेंना. भिक्खू मध्यान्हानंतर भोजन घेत नाहीत. ११ चे लग्न दोनला लागले, तर ज्यांना आपण सन्मानाने बोलावले ते दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहतात. म्हणून भन्ते येणार असतील तर विधी साडेनऊ-दहाला सुरू करावा आणि साडेअकराच्या आत त्यांचे भोजनदान व्हावे. ते शक्य नसेल तर बौद्धाचार्यांकडून संध्याकाळी विधी करावा. भन्तेंसाठी ठरवलेली सकाळची वेळ बाकीच्यांच्याही सोयीची असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि भर दुपारी रस्त्यावर वरात नाचवणे म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हाच्या झटक्याला सोपवणे आहे.

मुळात मे महिनाच का? मुलांच्या सुट्ट्या हे कारण समजू शकते. पण सभागृहांसाठी खरी मारामारी इतरांच्या मुहूर्तांमुळे असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आणि पितृपक्षात त्यांची लग्ने बंद असतात. तेव्हा सभागृह, केटरर, मंडपवाले रिकामे असतात आणि भाव करता येतो. उपासकांच्या लग्नाला वर्षावासाची आडकाठी नाही, शिवाय त्या काळात भन्ते विहारातच मुक्कामी असतात. जानेवारी-फेब्रुवारी तर उत्तमच. टाळायचे दिवस आपले वेगळे आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीला देशभरातून माणसे येतात, गाड्या आणि लॉज भरलेले असतात. ६ डिसेंबरला लोक चैत्यभूमीला जातात. डिसेंबरातच विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि मोर्चांमुळे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात. बाहेरगावच्या पाहुण्याला यातले काहीच ठाऊक नसते.

सभागृह बघायला जाताना घरातल्या सत्तरीच्या बाईला सोबत न्या. ती सजावट पाहत नाही. पायऱ्या किती, संडास कुठे, पाणी कुठे, बसायला जागा कुठे, हे पाहते. तेच पाहायचे असते. दोन खुर्च्यांच्या रांगा 'ज्येष्ठांसाठी' म्हणून राखा आणि लाउडस्पीकर त्यांच्या कानाशी लावू नका. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, पण त्याआधीच्या आवाजातही माणसांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. लोक लग्नाला भेटीगाठींसाठी येतात.

जेवणात पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा वाढणारे हात वाढवावेत. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पुरी, बुंदी आणि थंडगार मठ्ठा एवढ्यावर वऱ्हाडी तृप्त होतो. बुफे ठेवला तरी वयस्कर आणि लेकुरवाळ्यांसाठी एक छोटी पंगत बसवा. आल्या आल्या पन्हे किंवा लिंबूपाणी द्या आणि लग्न लागेपर्यंत जेवण अडवून धरू नका, निदान मुलांचे आणि मधुमेहींचे तरी.

आहेराची नावे आणि रकमा माईकवरून पुकारणे बंद करा. रोजी बुडवून आलेल्या माणसाने दिलेले ५१ रुपये हजारांच्या यादीत ऐकवणे हा त्याचा अपमान आहे. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापले असेल तर मंचाजवळ पाकिटे घ्यायला माणूस बसवू नये. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच लग्नात दिसतात.

परतीचा विचार बहुतेक राहूनच जातो. भंडारा, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांतून आलेल्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या आणि कार्यक्रम तिच्या मागे दोन तास संपवा. पत्रिकेवर 'विधी १० वाजता, भोजन ११ पासून' असे स्पष्ट लिहा. पहिल्या दोन-चार लग्नांत लोक उशिराच येतील. तरी ठरल्या वेळी त्रिसरण सुरू करावे.

विवाह नोंदणीसाठी तीन साक्षीदार आणि विधी लावणाऱ्याची सही लागते. त्या तिघांना ओळखपत्राच्या झेरॉक्स आधीच आणायला सांगा आणि विधी लावणाऱ्याची सही त्याच दिवशी, जेवणापूर्वी उरकून घ्या.